तीन अक्षरांचं नाव

नेजिहामात आम्ही जवळजवळ सगळेच हाताकेयामा. त्यामुळे आडनावाचा आम्हाला काही उपयोग नाही. हाक मारताना नाही, भांडताना नाही आणि मत देतानाही नाही. मतपत्रिका कोरी असते. आडोशाला जायचं, पेन्सिल उचलायची आणि ज्याला निवडायचं त्याचं नाव आपल्या हाताने लिहायचं. आमच्या वस्तीतली माणसं कित्येक निवडणुका एकच नाव लिहीत आली, तीन अक्षरांचं. तोकुजो.

ही अक्षरं लोकांच्या हातात बसवली ती किनुएने.

किनुए मूळची इथली नाही. लग्नाआधी ती सेंदाईला सहलीच्या बसमध्ये होती. पांढरे हातमोजे घालून ड्रायव्हरशेजारी उभं राहायचं आणि लोकांना डोंगर, देवळं, धबधबे दाखवायचे, हे तिचं काम. आमचा तात्सुओ एकाच सहलीला तीनदा गेला. तिसऱ्या वेळी त्याने डोंगराकडे बघितलंसुद्धा नाही. लग्नात सासरच्या माणसांचे आभार मानायला ती उभी राहिली, तेव्हा तोकुजो हातातला पेला खाली ठेवून नवऱ्यामुलाला म्हणाला, "तात्सुओ, बायको तुझी. आवाज मात्र चार वर्षांतून एकदा मला द्यायचा."

तोकुजो तेव्हा पहिल्यांदाच गावाच्या कौन्सिलला उभा राहत होता. गाडी माझी होती, कालवांच्या टोपल्या वाहणारी व्हॅन. ती धुतली तरी वास जायचा नाही. टपावर कर्णे बांधायचे, मी गाडी चालवायचो, मागे तोकुजो हात हलवत बसायचा आणि माझ्या शेजारी किनुए माईक घेऊन. अशा बाईला आमच्याकडे उगुइसु म्हणतात, वसंतात झुडपात लपून गाणारा तो लहान पक्षी. पक्षी कुणाला दिसत नाही, आवाज सगळ्यांना ओळखीचा असतो.

पहिल्याच निवडणुकीत मी तिला विचारलं होतं, "सारखं तेच तेच नाव घेऊन कंटाळा येत नाही?"

"नाव ऐकवायचं नसतं रे शोकिची," ती म्हणाली. "ऐकलेलं माणूस विसरतो. नाव लिहायला लावायचं असतं. म्हणून अक्षरं सुटी टाकायची. तो, कु, जो. समोरची बाई कपडे वाळत घालत असली ना, तरी तिची बोटं आतल्या आत लिहितात."

मला ते तेव्हा थट्टेसारखं वाटलं. पण वाटेत भाताच्या शेतात वाकलेली माणसं उठून हात हलवायची, तेव्हा मी खरोखर त्यांच्या बोटांकडे बघायला लागलो.

तात्सुओ पुढे आजारपणात गेला. किनुए सासूबरोबर राहिली. हिवाळ्यात शेडमध्ये बायकांबरोबर कालवं फोडायची. त्या कामात ती अगदी साधारण होती, बाकीच्या बायका तिला चिडवायच्या की हिचं सगळं बळ घशात आहे. घरात ती फारशी बोलत नसे. एरवी दुकानात, बसथांब्यावर, कुठेही ती इतकी हळू बोलायची की समोरच्याला वाकावं लागायचं. चार वर्षांतून एकदा पांढरे हातमोजे निघायचे आणि ती दुसरीच बाई व्हायची.

मग एका मार्चमध्ये भूकंपामागून समुद्र आला आणि वस्ती गेली.

तोकुजोही गेला. कुणी म्हणतं तो कुत्र्याला सोडवायला मागे फिरला. कुणी म्हणतं शेडमधल्या बायकांना ओरडून ओरडून टेकडीवर पिटाळत होता. दोन्ही खरं असेल. तो सापडला नाही.

वाचलेल्यांची तीन ठिकाणी पांगापांग झाली. काही जण शाळेच्या मैदानावरच्या तात्पुरत्या घरांत, काही शेजारच्या मिनामिउरा वस्तीच्या मागे, बाकीचे डोंगरापलीकडच्या गावात, जिथून समुद्राचा वाससुद्धा येत नाही. वसंतातली कौन्सिलची निवडणूक शरदावर ढकलली गेली. आणि उन्हाळ्यात गावाच्या कचेरीतून नकाशा आला. नेजिहामा आणि मिनामिउरा या दोन्ही वस्त्या एकाच टेकडीवर हलवायच्या, मिनामिउराच्या. आमच्या खाडीवरची आमची छोटी टेकडी नकाशात नुसती हिरवी होती. तिथे घरं बांधायची तर खर्च जास्त, असं म्हणत. पण मिनामिउराला गेलो तर ज्यांना टांगून आम्ही कालवं वाढवतो त्या तराफ्यांपासून दूर, पुरलेल्या माणसांपासून दूर, आणि दोन पिढ्यांत आमची पोरं स्वतःला मिनामिउराची म्हणवणार. निर्णय हिवाळ्यात कौन्सिल घेणार होतं. तिथे आमचं बोलणारं कुणी नसेल तर नकाशा आहे तसाच राहणार, हे लहान मुलालाही कळत होतं.

शाळेच्या मैदानावरच्या सामाईक खोलीत बैठक झाली. वस्तीचे प्रमुख इवाबुची, हाताकेयामा नसलेलं आमच्यातलं एकच घर त्यांचं, त्यांनी विचारलं, "तोकुजोच्या जागी कोण?"

सगळे चहाच्या कपात बघायला लागले.

"शोकिची?"

"माझं तोंड बघून बांगडेसुद्धा जाळ्यातून परत जातात," मी म्हणालो.

कोपऱ्यात किनुएची सासू बसली होती, उमेयो आजी. वय नव्वदीच्या पुढे, दात एकही नाही, जीभ मात्र शाबूत. ती म्हणाली, "वस्तीतलं सगळं वाहून गेलं. हिचा आवाज तेवढा राहिलाय. तोच उभा करा."

"आई!" किनुए पुटपुटली.

"काय आई? मी काय खोटं बोलले?"

"मला कोण ओळखतं?"

"अख्खं गाव ओळखतं," इवाबुची म्हणाले.

"आवाज ओळखतं. नाव विचारून बघा कुणाला."

इवाबुचींनी उत्साहाने कागद ओढला, तिचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "किनु म्हणजे... रेशमाचंच अक्षर ना?"

खोली हसली. किनुएही हसली. ती त्या दिवशी नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. आमच्याकडे याचा अर्थ हो असाच धरतात.

प्रचारात कर्णे लावायचे नाहीत, हे सगळ्या उमेदवारांनी आपसांत ठरवलं होतं. समुद्राचा इशारा कर्ण्यांवरूनच आला होता, त्यामुळे मार्चपासून कर्ण्याचा आवाज आला की माणसं दारातल्या चपला शोधायला लागत. म्हणून नुसता हातातला लहान माईक. माझी जुनी व्हॅन समुद्राने नेली होती. पुतण्याची मागून आणली, तिला कसलाच वास नव्हता, आणि त्याची मला चुटपुट लागली. किनुएच्या खांद्यावरून आडवा पट्टा होता, त्यावर मोठ्या अक्षरांत तिचं नाव. ती सारखा कोपर वर करून ते झाकायची.

"किनुएसान, हात खाली घ्या. लोकांनी वाचायला हवं," मी म्हणायचो.

"माहीत आहे मला," ती म्हणायची, आणि थोड्या वेळाने कोपर परत वर.

पहिलं ठिकाण शाळेचं मैदान. सकाळची वेळ, रांगेने गाद्या वाळत घातलेल्या, दोन-तीन बायका त्या बडवत होत्या. आमची गाडी बघून माणसं दारात आली. किनुएने पांढरे हातमोजे सारखे केले, माईक तोंडाशी नेला, आणि तो जुना आवाज निघाला. मार्चनंतर मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

"सकाळी सकाळी त्रास देते आहे, माफ करा. नेजिहामाहून आले आहे. आपला माणूस, आपल्या खाडीचा माणूस, हाताकेयामा तोकुजो. तो, कु, जो. तोकु..."

तिथे ती थांबली.

गादी बडवणाऱ्या बाईचा हात वर होता, तो तसाच वर राहिला. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. कुणी हसलं नाही. कुणी तिची चूक सुधारली नाही. मला वाटतं, त्या क्षणी मैदानावर सगळेच तिसऱ्या वेळी अर्धवट राहिलेलं त्याचं नाव मनात पुरं करत होते.

"गाडी पुढे घे," किनुए म्हणाली.

"अहो, पण ते सगळे बाहेर आलेत..."

"घे म्हटलं ना, शोकिची."

मिनामिउराच्या रस्त्यावर मी एका वळणाला गाडी उभी केली. तिने हातमोजे काढले, मांडीवर ठेवले. मग पट्टा काढायला लागली.

"असं करू नका," मी म्हणालो. "एक अक्षर चुकलं तर..."

"अक्षर नाही चुकलं. सगळी बरोबर आली, त्याचीच तर अडचण आहे." ती खिडकीबाहेर बघत होती. "दुसऱ्याचं नाव घेताना माणसाला त्याच्या मागे उभं राहता येतं. स्वतःचं घेताना कुठे उभी राहू, सांग?"

मला काय सांगता येणार! मी तराफे ओढणारा माणूस. बाहेर शेतात कापलेला भात उलटा टांगून ठेवला होता. मग मी माईक उचलला आणि बटण दाबून, त्या रिकाम्या शेताकडे बघून म्हणालो, "किनुए. कि, नु, ए."

ती दचकून माझ्याकडे बघायला लागली.

"काय झालं?"

"इंजिनात खडे गेल्यासारखा आवाज आहे तुझा."

"मग असू दे. नाव मी घेतो, बाकीचं तुम्ही म्हणा."

असा आमचा प्रचार झाला. मी एका हाताने सुकाणू धरून "किनुए!" ओरडायचो आणि ती तिच्या रेशमी आवाजात पुढचं म्हणायची, की नेजिहामाला आपल्या टेकडीवर राहायचं आहे, की आपण कुणाच्या विरुद्ध नाही, की कृपा करून साथ द्या. पहिल्यांदा लोक चक्रावले, मग हसायला लागले. दुसऱ्या दिवशी मुलं गाडीमागे "कि, नु, ए" ओरडत धावली, माझ्यासारखा आवाज काढून. डोंगरापलीकडच्या गावात एका आजीने खिडकीतून विचारलं, "अरे, उमेदवार तू की ती?"

"तीच, आजी! मी नुसता भोंगा!"

"मग भोंग्याला सांग, जरा मधपाणी पी!"

किनुए तोंडावर हातमोजा धरून हसली. मार्चनंतर तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, जमलं. आता या मुलांच्या घरी रात्री जेवताना ते नाव निघेल, आणि आयाबापांच्या बोटांत शिरेल.

ती स्वतः मात्र शेवटपर्यंत एकदाही ते नाव बोलली नाही.

मतदान शांतपणे झालं. उमेयो आजीला मी गाडीने नेलं, आणि आडोशापर्यंत तिला धरून गेलो. "हो बाजूला, मला काय लिहिता येत नाही का!" म्हणून तिने मला हाकललं. परत येताना किनुएला मी विचारलं, "स्वतःचं नाव लिहिताना हात थरथरला का?"

"नाही. तिथे कुणी ऐकत नव्हतं."

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या व्यायामशाळेत. रस्त्यांवर दिवे नसल्यामुळे रात्री कुणाला बाहेर काढायचं नाही असं ठरलं होतं. प्रत्येक उमेदवाराचा एक साक्षीदार टेबलाशी बसतो. किनुएच्या बाजूने मी. माझ्या शेजारी मिनामिउराच्या उसुईचा मेव्हणा. जागा बऱ्याच, पण मतं सगळ्या गावाची एकत्र मोजायची. मिनामिउरातून दोघे उभे होते, त्यातला एक नक्की निवडून येणार होता. शेवटच्या जागेसाठी आमची गाठ होती ती दुसऱ्याशी, म्हणजे या उसुईशी.

कागद उघडून, नावांप्रमाणे वेगळे करून, चवडी लावत होते. किनुएची चवड वाढत होती. जी मतं कुणाची ते कळत नाही, ती मोजणीचे प्रमुख निनुमा यांच्याकडे यायची. ते आम्हा साक्षीदारांना दाखवून निर्णय द्यायचे. निनुमा गावाच्या कचेरीतले जुने कारकून, नाकावर चष्मा, आवाजात कधी चढउतार नाही.

पहिल्या कागदावर कुणीतरी मांजर काढलं होतं. अवैध. दुसरा कोरा. तिसरा त्यांनी उचलला आणि वाचला नाही. नुसता आमच्यासमोर धरला.

तोकुजो.

अक्षर मोठं, कापरं, पेन्सिल दाबून लिहिलेलं.

"उमेदवार नसलेल्या व्यक्तीचं नाव," निनुमा म्हणाले. "अवैध. हरकत?"

"हरकत नाही," मी म्हणालो.

मग तसाच दुसरा आला. मग तिसरा. वेगवेगळी अक्षरं, बारीक, तिरकी, शाळकरी. एकावर आदराने "तोकुजोसान" होतं. एकावर "तोकुजो, फार केलंत तुम्ही आमच्यासाठी", आणि शेवटचे शब्द कागदाच्या कडेला दाटीवाटीने बसवले होते. प्रत्येक वेळी निनुमा विचारायचे, "हरकत?" आणि प्रत्येक वेळी मला म्हणावं लागायचं, "हरकत नाही." हळूहळू मला ते शब्द दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर वाटायला लागले. उसुईचा मेव्हणा आधी कागद बघत होता, मग टेबल बघायला लागला, मग जमीन. निनुमा बाकीचे अवैध कागद एका हाताने टाकत होते. हे मात्र दोन्ही हातांनी ठेवत होते.

किनुए पाच मतांनी हरली. शेवटची जागा उसुईला गेली. तोकुजोच्या कागदांची चवड त्या पाचापेक्षा किती तरी जाड होती.

मी तात्पुरत्या घरी गेलो तेव्हा किनुए वाळवायची पर्सिमनची फळं सोलत बसली होती. सालं लांब, न तुटता खाली उतरत होती. उमेयो आजी भिंतीला टेकून टीव्ही बघत होती, आवाज बंद करून.

"हरलो," मी म्हणालो.

"कितीने?"

"पाच."

तिने मान हलवली. फळ सोलून पुरं केलं, दोरीला बांधलं. मग विचारलं, "अवैध किती निघाली?"

"निघाली बरीच. कोरी होती पुष्कळ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण इतकी वर्षं एका गाडीत शेजारी शेजारी बसलेल्या माणसासमोर ते जरा अवघड जातं.

"कोरी कशी?" आजी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली. "मी चांगलं लिहून आले."

"काय लिहिलंत आई?"

"तोकुजो."

किनुएची सुरी थांबली. "आई, तोकुजोसान उभे नव्हते."

"माहीत आहे मला. मी म्हातारी आहे, खुळी नाही."

"मग?"

"मग काय मग! माणूस सापडला नाही. त्याच्या बायकोने अजून नावाचा दगड लावू दिला नाही. कुठे त्याचं नाव लिहायची सोय आहे? सरकारने कागद दिला, पेन्सिल दिली, वर आडोसापण दिला. लिहिलं." तिने पाय पसरले. "आणि खरं सांगू? तू कौन्सिलात जाऊन बसलीस तर मला जेवायला कोण घालणार? हा भोंगा?"

किनुएने सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता रडेल. ती हसत होती. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. मग हसू गेलं. "पहिल्या दिवशी मीच सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "माईकवर. तो, कु, जो. मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं."

"डोंगरापलीकडच्या लोकांनी कुठे ऐकलं होतं ते?" मी म्हणालो. "तिकडचीही मतं होती त्यात." हे मी अंदाजाने बोललो. मतपत्रिकेवर गाव लिहिलेलं नसतं.

"हिला वाटतं, हिच्या आवाजावर जग चालतं," आजी म्हणाली. "बाई गं, आम्हाला आमचे हात आहेत."

त्या विषयावर नंतर त्या घरात बोलणं झालं नाही. पण किनुए काही दिवस खाली मान घालून चालायची, आणि वस्तीतली माणसंही तिला बघून रस्ता बदलायची. प्रत्येकाला वाटत होतं, आपलं एकट्याचंच मत तसं गेलं. कुणी कुणाला विचारत नव्हतं. इवाबुची एकदा मला म्हणाले, "कसं झालं हे, शोकिची? हिशेबाने आपण निवडून यायला हवं होतं," आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. मला तेव्हा कळलं की प्रमुखांनीसुद्धा तेच लिहिलं होतं.

नकाशावर आमची टेकडी हिरवीच होती. हिवाळा जवळ येत होता.

एका दुपारी उसुई आला. दाराएवढा माणूस, खेकड्यासारखे लाल हात, हातात सान्मा माशांची पेटी. मी तेव्हा तिथेच होतो, नळ दुरुस्त करत.

"निवडून आल्याचे आभार मानायला आला असाल तर घरोघर फिरायला मनाई आहे," किनुए म्हणाली.

"आभार कसले? तुम्ही मत थोडंच दिलंय मला!"

"आणि निवडून आलेल्याने लोकांना मासे वाटायचे नसतात."

"मग मी इथेच बसून खातो. तुम्ही बघा." तो बसला. खोली एकदम लहान झाली. "बाई, मी सरळ बोलतो. तुम्ही लोक आमच्या टेकडीवर यायला नको आहात."

"आम्हालाही यायचं नाही."

"तेच म्हणतो मी! जागा आमच्याच पोरांना पुरत नाही. तुमची टेकडी तुम्हाला मिळाली तर आमची आम्हाला राहते. म्हणून तुमची बाजू मी मांडणार. माझ्या स्वार्थासाठी, गैरसमज नको." त्याने मान खाजवली. "पण मला बोलता येत नाही. परवा पहिल्या सभेत उभा राहिलो, 'म्हणजे... म्हणजे...' केलं आणि बसलो. तुम्ही शिकवा."

किनुएने माशांची पेटी त्याच्याकडे परत सरकवली.

"मेव्हण्याने सांगितलं मला," उसुई जरा खालच्या आवाजात म्हणाला, "ते मोजणीचं. तुम्ही माझ्याकडून नाही हरलात. मेलेल्या माणसाकडून हरलात."

"त्यांच्या पुढे जायची सवय नव्हती मला," किनुए म्हणाली. आणि मग, बसमध्ये बोलायची तशा आवाजात, "पाठ ताठ करा. आधी श्वास कुठे घेता ते दाखवा."

पुढे आठवड्यातून दोन-तीनदा तो यायचा. आम्ही व्हॅनमध्ये बसायचो, कारण घराच्या भिंती पातळ. किनुए एकेक वाक्य म्हणायची, तो मागून म्हणायचा.

"शब्द गिळू नका हो. भूक लागलीय का?"

"'पूर्वजांची खाडी' हे मला नाही जमत. तोंडातून बाहेरच येत नाही."

"का?"

"मी असं कधी बोललोच नाही. माझ्या बायकोने ऐकलं तर डॉक्टरकडे नेईल."

"मग काय म्हणाल?"

"म्हणजे... म्हणजे..."

"बघा!"

मी पुढच्या सीटवर बसून काच पुसत ऐकायचो. ती त्याला रागवत होती, तो चिडत होता. परत जाताना मात्र दोघेही एकमेकांना वाकून नमस्कार करायचे, फार खाली वाकून.

कौन्सिलची सभा बर्फ पडायला लागल्यावर झाली. बघणाऱ्यांच्या खुर्च्या मागे असतात, आणि तिथे बसणाऱ्याने बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, मान डोलवायची नाही, असा नियम भिंतीवर लावलेला आहे. मी, इवाबुची आणि किनुए बसलो. तिने हात मांडीवर ठेवले होते.

उसुई उठला. सुरुवात चांगली झाली. किती घरं, किती कालवांचे तराफे, रोज पहाटे किती लांब यावं लागेल. सगळं तिच्यासारखं, सुटं सुटं. मग "आमच्या शेजारच्या वस्तीची..." म्हणाला आणि अडकला. पुढचं वाक्य पूर्वजांचं होतं. त्याने कागदाकडे बघितलं, छताकडे बघितलं, मग मान वळवून थेट आमच्याकडे. किनुएचे ओठ किंचित उघडले. तिने ते मिटले. नंतर तिने मला सांगितलं की गालाचं मांस आतून चावलं होतं, रक्त येईपर्यंत.

उसुईने कागद टेबलावर उलटा ठेवला.

"हे बघा," तो म्हणाला. "त्यांना आमच्याकडे यायचं नाही. आम्हाला ते नको आहेत. नेजिहामा आणि मिनामिउरा यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी जन्मात पहिल्यांदा बघतोय. माझ्या बापानेही बघितलं नव्हतं. आता हे कृपा करून तुम्ही मोडू नका." आणि तो बसला, खुर्ची करकरली.

अध्यक्ष खोकले. पलीकडे कुणीतरी हसलं, मग बरेच जण. हात वर झाले तेव्हा मी मोजू शकलो नाही. इवाबुचींनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की मला दुसरं काही सुचत नव्हतं. टेकडी मिळाली.

बाहेर गाडीवरचा बर्फ झाडताना किनुए म्हणाली, "मेल्याने माझं एक वाक्य धड म्हटलं नाही."

"वाईट वाटलं?"

"नाही. बरं झालं." तिने गाडीत बसून दार ओढलं. "माझी वाक्यं जरा सुंदरच होती."

वसंतात आम्ही टेकडीवरची झाडी तोडायला गेलो. जितकी घरं येतील असं धरलं होतं तितकी आली नाहीत. वाट बघून काही जण डोंगरापलीकडेच राहिले. तोकुजोची बायको मुलीकडे गेली. उरलेले आम्ही करवती, कोयते घेऊन सीडरची झाडं पाडत होतो. किनुए डोक्याला रुमाल बांधून फांद्या ओढत होती, कामात नेहमीसारखी साधारण. उमेयो आजीला आम्ही खुर्चीसकट वर उचलून आणलं होतं. कारण ती म्हणाली होती, "मी मेल्यावर आणणारच आहात, आताच आणा. निदान शिव्या तरी देता येतील."

दुपारपर्यंत समोरचा झाडांचा पडदा दूर झाला. पहिल्यांदाच तिथून खाडी दिसली, तिच्यातले नवे तराफे, आणि कडेला जिथे आम्ही राहत होतो ती जागा. नुसते पाये उरले होते, गवतात, वहीवरच्या चौकटींसारखे. कुणाचं घर कुठे ते बोट दाखवून सांगता येत होतं. एका घराचं अंगण दुसऱ्याच्या दाराशी संपत होतं. वरून बघितल्यावर ते सगळं ओंजळीत मावेल असं वाटत होतं.

आजीने खुर्चीतून मान पुढे काढली.

"एवढंसंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंसंच," किनुए म्हणाली, आणि वाकून पुढची फांदी ओढायला लागली.